खारं पाणी घरी गोड करता येतं, पण कोणतं आणि कधी?

मे महिना उजाडला आणि अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याच्या बातम्या यायला लागल्या की व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ हमखास फिरतो. कुकर गॅसवर, शिट्टीच्या जागी रबरी नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीत. कुकरात समुद्राचं पाणी आणि बाटलीत थेंब थेंब पडणारं 'शुद्ध पिण्याचं पाणी'. खाली सूचना: वादळात उपयोगी पडेल, सेव्ह करून ठेवा.

व्हिडिओ खोटा नाही. समुद्राचं पाणी असं गोड होतं, यात काडीची शंका नाही. फक्त त्याला गॅस किती लागतो आणि ती नळी किती धोक्याची आहे, हे तो सांगत नाही. वादळा-पुरात आपल्या दारात येणारं पाणी बहुतेक वेळा खारं नसतंच, हेही तो सांगत नाही.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. त्यानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. वीज नाही म्हणजे पंप नाही, नळ नाही, आरओ नाही. पुढच्या वर्षी १६-१७ मेच्या सुमाराला तौक्ते कोकणाला घासून गुजरातकडे गेलं. त्याच वर्षी २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत माणसाच्या डोक्यावरून गेलं आणि तिकडे सावित्रीने महाड बुडवलं. त्यामुळे 'सगळं बंद पडलं तर प्यायचं काय' हा प्रश्न किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी विचारायलाच हवा. उत्तर मात्र प्रत्येक वेळी कुकर आणि नळी हे नसतं.

झाकणाला लागलेलं पाणी

मोदकपात्राचं झाकण घरातली जाणती बाई कधी सरळ वर उचलत नाही. ती ते एका अंगाला तिरकं करते आणि हळूच बाजूला घेते. झाकणाच्या आत जमलेलं पाणी मोदकांवर ठिबकलं की पारी चिकट होते, म्हणून ही काळजी.

ते झाकणाचे थेंब म्हणजेच ऊर्ध्वपातन. पाण्याची वाफ करायची, ती थंड पृष्ठभागावर धरायची आणि पुन्हा झालेलं पाणी वेगळं गोळा करायचं, एवढीच ती क्रिया. खालच्या पाण्यात तुम्ही मूठभर मीठ टाकलंत तरी थेंब अळणीच राहतात. कारण पाणी १०० अंशांना उकळतं आणि मिठाला नुसतं वितळायलाच ८०१ अंश लागतात. वाफ वर जाते, मीठ खालीच बसतं. फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक, लोह, शिसं यांचंही तेच. जंतू तर उकळतानाच मरतात.

आता तोच थेंब बोटावर घेऊन हुंगा. मोदकांखाली हळदीचं पान घातलं असेल तर थेंबाला त्याचा वास येतो. पानातलं सुगंधी तेल वाफेबरोबर वर चढलं, झाकणाला लागलं आणि थेंबात उतरलं. मीठ चढलं नाही, वास चढला. ऊर्ध्वपातनाची ताकद आणि त्याची मर्यादा, दोन्ही या एका थेंबात आहेत. हळदीच्या पानाच्या जागी डिझेल असेल तर काय होईल, याचा अंदाज तुम्हाला आला असेलच.

आधी विचारा, पाण्यात मिसळलंय काय?

आणीबाणीत पाणी 'खराब' होतं असं आपण सरसकट म्हणतो. पण खराब होण्याचे प्रकार वेगळे आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा.

पहिला प्रकार खारेपणाचा. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस १०५०० प्रमाणे, लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार चालतात. दुसरा स्रोतच नसेल तर २००० मिलिग्रॅमपर्यंत सवलत आहे. आता गणित करा. विहिरीच्या शंभर हंड्यांत समुद्राचे पाच हंडे मिसळले की लिटरमागे सुमारे १६५० मिलिग्रॅम क्षार वाढले. विहिरीचे मूळचे धरले तर आपण त्या सवलतीच्या काठावर येऊन पोचलो. उधाणाच्या भरतीत खाडीचं पाणी बांध ओलांडून परसातल्या विहिरीत शिरलं की हे व्हायला फार वेळ लागत नाही.

समुद्राचं पाणी तसंच प्यायलं तर तहान वाढते, कारण आपली मूत्रपिंडं इतकी खारट लघवी तयारच करू शकत नाहीत. आत गेलेलं मीठ बाहेर टाकायला शरीराला प्यायलेल्या पाण्यापेक्षा जास्त पाणी खर्च करावं लागतं. 'थोडं थोडं प्यायलं तर चालतं' हे ऐकीव ज्ञान म्हणून सोडून द्या. खारेपणावर घरच्या घरी एकच इलाज आहे, तो ऊर्ध्वपातन.

दुसरा प्रकार जंतूंचा, आणि पुरात नव्याण्णव वेळा प्रश्न हाच असतो. संडासाच्या टाक्या, गटारं, गोठे, मेलेली जनावरं, सगळं एकत्र वाहून येतं. कावीळ, टायफॉइड, गॅस्ट्रो ही त्याची देणगी. लेप्टोही पुराच्याच पाण्यातून येतो, पण तो मुख्यतः पायाच्या जखमांतून शिरतो, म्हणून त्या पाण्यात अनवाणी फिरणंच टाळायचं. जंतूंना मारायला वाफ धरत बसायची काही गरज नाही.

तिसरा प्रकार तेला-रसायनांचा. बुडालेला पेट्रोल पंप, गॅरेज, नौकांचं डिझेल, कलमांवर फवारायच्या औषधांचे कॅन, घराघरातलं रॉकेल आणि रंगाचे डबे. लोटे-परशुराम आणि महाडला तर रासायनिक उद्योगांच्या वसाहतीच आहेत. यातली बरीच द्रव्यं हळदीच्या पानाच्या तेलासारखी वाफेबरोबर उडतात. उकळून ती जात नाहीत आणि ऊर्ध्वपातनाने पूर्णपणे वेगळीही होत नाहीत, उलट वाफेत गोळा होऊन तुमच्या भांड्यात येतात. पाण्याला रॉकेलचा, थिनरचा, औषधाचा वास असेल, वर इंद्रधनुष्यी तवंग असेल तर ते पाणी चुलीवर ठेवूच नका. बंद स्वयंपाकघरात त्या वाफा पेट घेऊ शकतात. अशा पाण्यावर घरगुती उपाय नाही. दुसरं पाणी शोधायचं.

मग नुसतं उकळलं तर?

जंतूंसाठी पुरेसं आहे, खारेपणासाठी उलटं पडतं. उकळताना पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं, म्हणजे खारं पाणी उकळून आणखी खारं होतं.

पुराचं पाणी किंवा पुरात बुडालेल्या विहिरीचं पाणी गढूळ असेल तर आधी तासभर स्थिर ठेवा, वरचं निवळ जुन्या सुती कापडाच्या चौपदरी घडीतून गाळा आणि मग उकळा. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट ठेवलं की काम झालं. वीस-वीस मिनिटं उकळत ठेवायचा सल्ला आजही ऐकू येतो, त्यात फक्त गॅस जळतो. गॅस वाचवायचा असेल तर ग्रामपंचायतीतून किंवा आरोग्य केंद्रातून मेडिक्लोर, म्हणजे बाटलीतलं क्लोरीनचं द्रावण, नाहीतर क्लोरीनच्या गोळ्या आणा. बाटलीवर किंवा पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात घालायच्या आणि अर्धा तास थांबायचं. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन त्या गाळावरच खर्ची पडतो, म्हणून गाळणं आधी, औषध नंतर.

गॅसचा हिशेब

खोलीच्या तापमानाचं लिटरभर पाणी उकळीला आणायला सुमारे ३०० किलोज्यूल उष्णता लागते. ते सगळं पाणी वाफ करून उडवायला आणखी २२५० किलोज्यूल. म्हणजे उकळी फुटली तेव्हा आपलं जेमतेम आठवा हिस्सा काम झालेलं असतं. व्हिडिओत हे दिसत नाही, कारण मधला भाग पळवलेला असतो.

स्वयंपाकाच्या गॅसमध्ये किलोला ४६ मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. तिच्यातली साठ टक्के टोपापर्यंत पोचली असं धरलं तर एक लिटर पाणी उकळायला ११-१२ ग्रॅम गॅस लागतो, आणि एक लिटर ऊर्ध्वपातित पाणी काढायला नव्वदच्या पुढे. हे कागदावरचं. प्रत्यक्षात झाकणाच्या कडेने वाफ निसटते, टोप बाजूने गार होतो, म्हणून सव्वाशे-दीडशे ग्रॅम धरा. चार माणसांच्या घराला पिण्यापुरतं, माणशी तीन लिटर, म्हणजे रोज बारा लिटर लागतं. त्याला दिवसाला दीड-पावणेदोन किलो गॅस. १४.२ किलोचं भरलेलं सिलिंडर आठ-नऊ दिवसांत संपलं, आणि त्यावर भाताचं एक आधणसुद्धा ठेवलेलं नाही.

चुलीवर करू म्हणाल तर तीन दगडांच्या चुलीतली जेमतेम दहा-पंधरा टक्के उष्णता भांड्याला मिळते. लिटरमागे दीड किलोच्या आसपास सुकी लाकडं झाली. जुलैत सुकी लाकडं कोणाच्या पडवीत किती असतात ते आपलं आपल्याला ठाऊक. सोडणं, झावळ्या, करवंट्या झपाट्याने जळतात, पण मंद आच तासन्‌तास धरून ठेवायच्या कामाच्या नाहीत.

टेबलावर ठेवायची विजेची यंत्रंही बाजारात आहेत. त्यांना लिटरमागे पाऊण युनिटच्या आसपास वीज लागते. नेहमीच्या घरगुती इन्व्हर्टरची १५० अँपियर-अवरची बॅटरी पूर्ण भरली तरी पावणेदोन युनिटांपलीकडे देत नाही. म्हणजे दोन लिटर पाण्यात बॅटरी झोपली. वीज गेलेल्या घरात ते यंत्र शोभेचं.

एवढं करून गरज पडलीच तर? पडू शकते. बेटावर, खाडीच्या पलीकडच्या वाडीवर, नौकेवर, रस्ता तुटलेला असताना आणि पाऊसही नसताना एक-दोन दिवस निभावायला हे जमायलाच हवं.

नळी नको, टोप घ्या

कुकरच्या शिट्टीच्या नळीवर रबरी पाइप चढवणं हा या सगळ्यातला सर्वात वाईट भाग. खारं पाणी उकळताना उडतं, त्याचं मीठ त्या बारीक भोकात साचतं. पाइप कुठे दुमडला, भोक बुजलं तर आत दाब चढतो. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर तोंडावर उकळती वाफ, आणि पाइप निसटला तरी तेच. भाजण्यासाठी याहून चांगली सोय कोणी केली नसेल, तीही दवाखान्याचा रस्ता बंद असताना. शिवाय गॅसची किंवा बागेची नळी १०० अंशांच्या वाफेसाठी केलेलीच नसते. तिच्यातलं काय काय पाण्यात उतरेल, सांगता येत नाही. हुर्राक-फेणीच्या भट्टीची जुनी भांडी आणि तांब्याची नळी कोणी देऊ केली तरी घेऊ नका. जोडाला झाळ कसली मारलीय, तिच्यात शिसं आहे का, ते बघून कळत नाही.

टोपाची पद्धत संथ आहे, पण दाब साचत नाही. एक मोठा स्टीलचा टोप घ्या, लग्नकार्यात वरणाला वापरतात तसला असेल तर उत्तम. तळाला चारेक बोटं खारं पाणी. मध्ये तिवई किंवा उलटी ठेवलेली जड वाटी, आणि तिच्यावर स्टीलचं पसरट भांडं, पाण्याच्या बरंच वर. टोपावर खोलगट झाकण उलटं ठेवायचं, म्हणजे त्याची मूठ आतल्या भांड्याच्या बरोबर वर येते. झाकणाच्या खोलग्यात गार पाणी ओता. वाफ झाकणाला लागते, ओघळत मुठीपर्यंत येते आणि भांड्यात पडते. कडेला कणीक लावून टोप बंद करायचा नाही, थोडी वाफ निसटू दे.

आच मंद हवी. खळखळ उकळलं की खारं पाणी उडून आतल्या भांड्यात पडतं आणि सगळा खटाटोप वाया जातो. सुरुवातीची पाच मिनिटं झाकण न ठेवता वाफ जाऊ द्या, पहिलं अर्धा कप पाणी फेकून द्या. पटकन उडणारी काही द्रव्यं त्यात निघून जातात. सगळी जातात असं समजू नका. टोपातलं पाणी पूर्ण आटवायचं नाही. तिसरा हिस्सा उरला की तो ओतून टाकायचा आणि नवं पाणी घ्यायचं, नाहीतर मीठ तळाला बसून टोप करपतो. जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा टोप यासाठी घेऊ नका, खारं गरम पाणी त्याला खड्डे पाडतं. कल्हई नसलेलं पितळ-तांबंही नको.

सगळे जण आचेकडे बघतात, खरं लक्ष झाकणाकडे हवं. वाफ जितकी उष्णता घेऊन वर आली तितकी सगळी तिने झाकणावरच्या पाण्याला दिल्याशिवाय तिचा थेंब होत नाही. एका लिटरमागे सुमारे अठरा लिटर पाणी तीसेक अंशांनी तापेल इतकी ती उष्णता असते. म्हणून झाकणावरचं पाणी कोमट झालं की लगेच बदलायचं. त्याला समुद्राचं पाणीही चालतं, आणि काढलेलं तापलेलं पाणीच टोपात पुढच्या घाण्याला घातलं तर तेवढा गॅस वाचतो. पाणी बदलायचा कंटाळा केला की वाफ नुसती स्वयंपाकघरात जाते आणि भिंती घामेजतात. नीट केलं तरी तासाला पाव ते अर्धा लिटर, याहून जास्तीची आशा नको.

ऊन तर फुकट आहे!

आहे, आणि मे महिन्यात भरपूर आहे. काळ्या तळाची उथळ पेटी, तिच्यात खारं पाणी, वर तिरकी काच, काचेच्या खालच्या कडेला पन्हळ, अशी सौर भट्टी चांगल्या उन्हात चौरस मीटरला दिवसाकाठी तीनेक लिटर पाणी देते. ही कल्पना जुनी आहे. चिलीच्या वाळवंटात लास सालिनास इथे १८७२ साली अशी भट्टी बांधली होती. सुमारे ४७०० चौरस मीटर काच आणि दिवसाला बावीस-तेवीस हजार लिटर पाणी. मोठ्या प्रमाणावर वेगळी तंत्रंही आहेत. लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावर २००५ पासून कमी दाबाखाली कोमट समुद्रपाण्याची वाफ करून, खोल समुद्रातल्या गार पाण्याने ती थंड करून, दिवसाला एक लाख लिटर गोड पाणी काढायची सोय आहे. दाब कमी केला की पाणी २८ अंशांनाही वाफ होतं. पण ते टोपात जमणारं काम नव्हे.

कोकणातला घोळ असा की सौर भट्टी चालते तेव्हा पूर नसतो आणि पूर असतो तेव्हा सूर्य नसतो. एप्रिल-मेमध्ये खाडीकाठची विहीर खारवली आणि टँकर चार दिवसांनी येतो अशा वाडीत चार पेट्या गच्चीवर कायमच्या मांडून ठेवल्या तर त्यांचं मोल आहे. जुलैच्या झडीत काचेवर बाहेरून पाऊस वाजत राहील, आत थेंब मोजून घ्यावे लागतील.

आणि तो जमिनीत खड्डा खणून वर प्लॅस्टिक ताणायचा प्रकार आपल्याकडे विसरा. मिळतं लिटरभराच्या आत-बाहेर आणि खणताना घाम जातो त्याहून जास्त. तोही जमीन मऊ असेल तर. जांभ्यात खड्डा मारायला पहार लागते आणि पहार मारणाऱ्याला पाणी लागतं.

पण आमच्याकडे आरओ आहे

विजेशिवाय आणि नळाच्या दाबाशिवाय तो भिंतीवरचा डबा आहे. वीज असली तरी घरगुती आरओ साधारण २००० टीडीएसपर्यंतच्या पाण्यासाठी केलेला असतो. टीडीएस म्हणजे लिटरमधले एकूण विरघळलेले क्षार. समुद्राचे ३५ हजार त्याच्या आवाक्यातले नाहीत, पडदा चोंदून बसेल.

टीडीएस मोजायची पेनासारखी काडी मात्र ऊर्ध्वपातन करणाऱ्याने जवळ ठेवावी. झाकणाखालचं पाणी वीस-तीस दाखवत असेल तर खारं पाणी उडालेलं नाही. पाचशेच्या वर गेलं तर आच मोठी झाली होती. पण काडीने आकडा शून्य दाखवला म्हणजे पाणी शुद्ध, असं नाही. ती फक्त विरघळलेले क्षार ओळखते. जंतू तिला दिसत नाहीत आणि डिझेलही दिसत नाही.

दुकानातलं बॅटरीचं पाणी चालेल का?

नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी क्षार काढलेलं असतं, पण ते माणसाच्या पोटासाठी भरलेलं नसतं. कॅन कसला, तो आधी कशाला वापरला, भरताना स्वच्छता किती, हे कोणी बघत नाही. एसीच्या नळीतून टपकणाऱ्या पाण्यालाही हेच लागू. तेही वाफेचंच पाणी, पण धुळीने माखलेल्या गार जाळीवरून येतं आणि त्या ओलीत जंतू सुखाने वाढतात. फरशी पुसायला उत्तम.

असं पाणी प्यायल्याने हाडं ठिसूळ होतात म्हणे!

ऊर्ध्वपातित पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम नसतं, म्हणून वर्षानुवर्षं फक्त तेच पिणं बरं नाही असं तज्ज्ञ म्हणतात. ते आठवडाभराच्या आणीबाणीला लागू होत नाही. खनिजं आपल्याला मुख्यतः जेवणातून मिळतात. नाचणीची भाकरी आणि सुकी मासळी पोटात असेल तर पाण्यातल्या चिमूटभर कॅल्शियमसाठी रडायचं कारण नाही. चव बेचव लागते, एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून दोन-तीनदा ओतलं की सुधारते. जुलाब लागलेल्या माणसाला मात्र ते नुसतं देऊ नका, ओआरएस घालून द्या.

आकाश हे काम आधीच करतं

रोजच्या संकटासाठी माझं मत विचाराल तर टोप आणि गॅस मागे ठेवा, ताडपत्री पुढे काढा. समुद्राचं पाणी सूर्याने उडवलं, वर जाऊन ते गार झालं, पाऊस होऊन आपल्या कौलांवर पडलं. इतकं मोठं ऊर्ध्वपातन फुकट चाललेलं असताना आपण सिलिंडर जाळायचं, हे मला पटत नाही. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दहा चौरस मीटरच्या पडवीच्या छपरावर ५० मिलिमीटर पाऊस झाला की ५०० लिटर पाणी. सांडलवंड धरली तरी चारशे हाती लागतात. जुलैत ५० मिलिमीटर म्हणजे एक दुपार.

आमच्याकडे जुन्या घरांना पोफळीचं खोड उभं चिरून, आतला गर काढून पन्हळ लावत. पागोळ्यांचं पाणी त्या पन्हळीतून थेट परसातल्या घंगाळात. ते पाणी धुण्याभांड्याला जायचं, पण आणीबाणीत पिण्याच्या कामाचंही आहे, फक्त छप्पर आधी धुऊन निघू द्यायला हवं. वादळानंतर तर नक्कीच, कारण वाऱ्याने उडालेलं समुद्राचं तुषार कौलांवर मिठाचा थर ठेवून जातं. पहिली पंधरा-वीस मिनिटं पाणी सोडून द्या, मग धरा. कौलांवरचं शेवाळ आणि कावळ्यांची विष्ठा विचारात घेऊन गाळून उकळा किंवा मेडिक्लोर घाला. त्याहून सोपं म्हणजे अंगणात चार खांबांना धुतलेली ताडपत्री बांधून मधोमध दगड ठेवायचा आणि खालच्या कडेला पिंप.

वादळ येऊन गेलं आणि पाऊस थांबला, अशा मधल्या दिवसांसाठी साठा. चार माणसं, माणशी तीन लिटर, सात दिवस, झाले ८४ लिटर. वीस-वीस लिटरचे पाच कॅन स्वच्छ धुऊन, चांगल्या विहिरीचं किंवा नळाचं पाणी भरून, झाकण घट्ट लावून अंधाऱ्या जागी ठेवले की झालं. खाद्यतेलाचे, औषधाचे, रंगाचे डबे नकोत. सहा महिन्यांनी बदला. वादळात पडलेल्या माडांची शहाळी हेही पाणीच आहे, बाटलीबंद. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी तेवढं जपून, त्यात पोटॅशियम जास्त असतं.

विहीरच खारी झाली तर?

उधाण विहिरीत शिरलं की पहिला विचार येतो तो पंप लावून विहीर उपसून टाकायचा. तो आवरा. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते वजनाला हलकं. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा जितकी वर, त्याच्या सुमारे चाळीसपट खोलवर तो गोडा थर पोचलेला असतो, असं भूजलशास्त्र सांगतं. हेच उलटं वाचा: वरची पातळी उपशाने हातभर उतरली, की खालचं खारं पाणी चाळीस हातांनी वर यायला बघतं. घाईघाईने उपसलेली विहीर खालून आणखी खारवते. थोडं थोडं पाणी काढायचं, तळाचा गाळ-कचरा काढायचा, पावसाला तिच्यात मुरू द्यायचं. गोडी परत यायला एक पावसाळा लागू शकतो आणि तोवर ते पाणी धुण्या-अंघोळीला वापरता येतं.

पुराने बुडालेल्या विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकायची ती ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारून. एरवी हजार लिटरला अडीच ग्रॅमच्या आसपास पुरते, बुडालेल्या विहिरीला जास्त लागते, आणि उघड्या पोत्यात पावसाळाभर ठेवलेल्या पावडरीत दम राहत नाही. ती किती टाकायची हे विहिरीचा घेर आणि पाण्याची उंची मोजून ठरतं, मुठीने नाही. नंतर पाणी तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत. क्षारांच्या तपासणीला लिटरभर पाणी स्वच्छ बाटलीत चालतं. जंतूंसाठी मात्र प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुक बाटलीच हवी. ती आधी विसळायची नाही, आणि भरल्यावर गारव्यात ठेवून त्याच दिवशी पोचवायची.